सातबाऱ्यावरचा वारा

कुर्डुवाडीहून लातूरकडे जाणारी गाडी बार्शी मागं टाकून रामलिंगच्या घाटाला लागली, तेव्हा डब्यातल्या निम्म्या पिशव्या येळवशीच्या सामानानं फुगलेल्या होत्या. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, लातूर-धाराशिव पट्ट्यात दिवाळीच्या बरोबरीचा मान आहे. पुण्या-मुंबईला कामाला असलेली लेकरं या एका दिवसासाठी घरी येतात, कचेऱ्या बंद राहतात आणि सगळं गाव उठून रानात जातं. मीही एका मैत्रिणीच्या माहेरच्या रानात निघाले होते. पण ओढ जेवणाची कमी आणि पठारावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांची, सौर पंपांची जास्त होती. ऊन आणि वारा विकून पैसा येऊ लागला की तो गावात नेमका कुणाच्या हाती पडतो, हे मला पाहायचं होतं.

येडशीला उतरलं की धुळे-सोलापूर महामार्ग येरमाळा, तेरखेडा, वाशी अशी गावं ओवत जातो. येरमाळ्याला येडेश्वरीचं देऊळ, तेरखेड्याला फटाक्यांचे कारखाने. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना बालाघाटचं उघडं माळरान आहे आणि त्यावर आता उंचच उंच पांढरे खांब. डिसेंबरात त्यांची पाती सावकाश फिरत होती. "आता काय बघता ताई, आखाडात या," जीपवाला म्हणाला. "आवाजानं झोप लागत न्हाई." त्याचं खरं होतं. इथल्या वाऱ्याचा जोर मे ते ऑगस्ट. पावसाळी ढगांनी सौर वीज मंदावते तेव्हाच पवनचक्क्या जोरात चालतात, म्हणून या दोन्ही विजा एकमेकींना सांभाळून घेतात.

धाराशिवला या बदलाची गरज किती खोल आहे, हे समजायला शेजारच्या परळीची आठवण पुरते. जुलै २०१५ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं. यंत्रं होती, कामगार होते, पण खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी नव्हतं. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं आलं. जिथं माणसांचं पाणी वाघिणींतून आणावं लागतं, तिथं विजेसाठी पाणी मागणारं केंद्र किती काळ तगणार? वाऱ्याला पाणी लागत नाही. सौर पट्ट्या धुवायला लागतं तेवढंच. देशात हवामानबदलाची चर्चा कार्बनच्या हिशेबात होते. मराठवाड्यात ती आधी पाण्याच्या हिशेबात व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

वाशी तालुक्यातल्या त्या रानात पोचले तेव्हा कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, त्यांच्यापुढं आंबिलाचा माठ. शाळू कमरेला आला होता, हरभऱ्याला घाटे धरले होते. ताटात भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, तिळाची पोळी, गव्हाची खीर. येळवशीच्या भज्जीत रानात आणि बाजारात मिळेल ती हिरवी शेंग, ओला हरभरा, तूर, भाज्या असं सगळं पडतं आणि ती खाल्ल्यावर माणूस बांधावर आडवा होतो. मी मात्र मैत्रिणीच्या माहेरच्या आप्पांच्या मागं विहिरीकडे गेले. विहिरीच्या कडेला, दक्षिणेकडे तोंड करून, निळ्या पट्ट्यांची रांग उन्हात उभी होती. पाच एचपीचा सौर पंप. पाणी दांडानं हरभऱ्याकडे चाललं होतं.

"आदी रातच्याला जावं लागायचं," आप्पा म्हणाले. "थ्री फेज लाइट कधी बाराला, कधी दोनला. डोक्याला बॅटरी बांधायची आन् थंडीत पाणी मोडीत बसायचं. डीपी जळाली की मंग आठ-आठ दिस न्हाईच." त्यांच्या घरच्या, ज्यांना सगळे आक्का म्हणत होते, त्या मागून आल्या. "हे रानात गेले की माझा डोळा लागायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "गेल्या साली तर वाघ आलता." ही अतिशयोक्ती नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ शेकडो किलोमीटर चालून येडशीच्या रामलिंग अभयारण्यात आला होता आणि या सगळ्या भागात रात्री मोटार चालू करायला जाणं म्हणजे जिवावरचं काम झालं होतं.

शेतीला वीज चक्राकार पद्धतीनं, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, मिळत आली आहे. त्या रात्रपाळीनं किती माणसं सर्पदंशानं, शॉक लागून, विहिरीत पाय घसरून गेली, याची मोजदाद गावं आपापल्या आठवणीत ठेवतात. म्हणून सौर पंपाचा पहिला सामाजिक परिणाम कुणी मला विचारला तर मी सांगेन: रात्रीची झोप. सप्टेंबर २०२४ पासून राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना सुरू झाली. सर्वसाधारण शेतकऱ्यानं किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. बाकी रक्कम अनुदानातून. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच एचपी, त्यावर साडेसात. विजेचं बिल नाही, आकडा नाही, लाइनमनच्या मागं फिरणं नाही. आप्पांनी नातवाच्या नावानं ठेवलेल्या पैशातून वाटा भरला होता आणि त्याचा त्यांना पस्तावा नव्हता.

तक्रारी होत्या. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ढग हटेनात, तेव्हा पंप नुसता गुरगुरायचा. अर्थात तेव्हा पाणी द्यायची गरज कुणाला होती? सीनेकाठच्या परंडा-भूमच्या रानांतली माती वाहून गेली होती. खरी अडचण दुरुस्तीची. कंट्रोलरमध्ये बिघाड झाला की फोन करायचा, तक्रार नोंदवायची, मग वाट बघायची. पाच वर्षांची हमी कागदावर आहे. पण तालुक्याच्या गावी तो सुटा भाग आणि तो बसवणारा हात असला तरच तिला अर्थ. आयटीआय करून पुण्याच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणारी पोरं याच गावांतली आहेत. त्यांच्यातल्या दहाजणांना तालुक्यात दुकान टाकून दिलं तर पंपही चालतील आणि पोरंही गावात राहतील, इतकी ही साधी गोष्ट आहे.

दुसरी काळजी आप्पांच्या धाकट्या मुलाच्या बोलण्यातून आली. पाणी दिवसभर मिळतंय, तर यंदा दोन एकर ऊस लावू, असं त्याचं म्हणणं. ऊन फुकट असलं तरी जमिनीखालचं पाणी फुकट नाही. पूर्वी विजेचा तुटवडा हाच उपशावरचा लगाम होता. तो वाईट लगाम होता, माणसं मारणारा होता, पण होता. आता तो सुटला आहे आणि त्याच्या जागी दुसरा आलेला नाही. ठिबक, पीकपद्धत आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद हे सौर पंपाच्या बरोबरीनं आलं नाही, तर आठ-दहा वर्षांत पट्ट्या उन्हात चमकत राहतील आणि विहिरी कोरड्या पडतील. आप्पांना ते कळत होतं. "बाहत्तरचा दुष्काळ मी लेकरू असताना बघितलाय," ते मुलाला म्हणाले आणि विषय तिथंच राहिला.

जेवणानंतर बांधावर बसलेल्या पाहुण्यांत जमिनी भाड्यानं देण्याची चर्चा निघाली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज शेतीच्या वाहिन्यांना दिवसा द्यायची. जमीनमालकाला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. एकरी हिशेब पन्नास हजारांच्या आसपास येतो. आता या भागातला जिरायती एकर घ्या. सोयाबीन सहा-सात क्विंटल निघालं, तर चांगलं साल म्हणायचं. हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात अनेकांना चार हजारांच्या आसपासच विकावं लागलं. बियाणं, खत, फवारणी, काढणी वजा केली की हातात काय उरतं ते मंडळींनी बोटांवर मोजून दाखवलं. त्यापुढे भाड्याचे पन्नास हजार कसे दिसत असतील! न पेरता, न फवारता, आभाळाकडे न बघता. वय झालेला, मुलं शहरात असलेला शेतकरी जमीन देऊन टाकतो, यात त्याला दोष देणं मला शक्य नाही.

पण अशा भाड्यानं गेलेल्या एका रानात गेल्या वर्षापर्यंत आणखी माणसं होती. शेजारच्या वस्तीतल्या चार बाया तिथं खुरपणीला यायच्या, सोयाबीन काढायला टोळी यायची, बटईदार अर्धलीनं कसायचा, उस्मानाबादी शेळ्या धसकटात चरायच्या. कुंपण पडलं की ही सगळी कामं एकदम गेली. भाड्याचा करार जमीनमालकाशी होतो, कारण सातबाऱ्यावर नाव त्याचं. बटईदाराचं नाव कुठंच नाही. खुरपणाऱ्या बाईचं तर नाहीच. ग्रामपंचायतीला अशा प्रकल्पामागं वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षं अनुदान मिळतं. ते पैसे अशा घरांच्या कामी लागावेत, असा ठराव एखाद्या ग्रामसभेनं का करू नये? मी विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, "सभागृहाला कमान करायचं ठरलंय."

गायरानाचा प्रश्न याहून कठीण. सौर वाहिनीसाठी सरकारी जमिनी नाममात्र भाड्यानं दिल्या जातात आणि गावात सरकारी जमीन म्हणजे बहुतेकदा गायरान. शासनाच्या कागदावर ते पडीक आहे. प्रत्यक्षात मराठवाड्यात भूमिहीन दलित आणि पारधी कुटुंबांनी पिढीभर, कुठं त्याहून जास्त काळ, दगड वेचून ती जमीन पेरणीखाली आणली आहे. १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं मान्य केलं. एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी गावोगाव लढा दिला. तरीही कित्येकांच्या अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्यांचे गठ्ठे ट्रंकेतच राहिले, सातबारा मिळाला नाही. कळंबच्या बाजूला एका वस्तीवर म्हातारबाबांनी मला असाच गठ्ठा दाखवला. कडा झिजलेल्या पावत्या, वर तलाठ्याची सही. "मोजणीवाले येऊन गेलेत," ते म्हणाले. "इथं सोलर येणार म्हणायलेत." चार एकरांतली त्यांची ज्वारी नुकती पोटऱ्यात आली होती. पर्यावरणाच्या नावानं उभ्या राहणाऱ्या प्रकल्पाची सुरुवात, गावातल्या सगळ्यांत गरीब माणसाला उठवून व्हावी, हे मला मान्य नाही. आधी दाव्याचा निकाल, मग मोजणी, हा क्रम पाळायला फार मोठा खर्च येत नाही.

पवनचक्क्यांचं अर्थकारण आणखी निराळं. एका खांबाला दोन-तीन एकर जागा पुरते. म्हणजे बाकीचं रान पेरता येतं. मात्र लांबलचक पाती वळवायला रस्ते रुंद करावे लागतात, बांध फोडावे लागतात आणि वीज वाहून न्यायला एकेका शेतावरून तारा जातात. धाराशिव भागातल्या १,००० मेगावॅट अक्षय विजेसाठी कळंबजवळ उपकेंद्र उभं राहून आंतरराज्य पारेषण जाळ्याला जोडलं गेलं आहे. परळीच्या चालू संचांची एकत्र क्षमता ७५० मेगावॅट. त्यावरून या आकड्याचं वजन कळेल. वारा काही बारा महिने सारखा नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष वीज क्षमतेपेक्षा बरीच कमी निघते. तरीही एका दुष्काळी जिल्ह्यानं देशाला वीज पाठवायला लागणं ही अभिमानाची गोष्ट आहे. २०१८ मध्ये नीती आयोगानं देशातल्या मागास राहिलेल्या जिल्ह्यांची आकांक्षित म्हणून यादी केली, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते आणि धाराशिव त्यातला एक.

ज्याच्या रानात खांब, त्याला एकरकमी पैसे मिळाले. त्यातून घरं झाली, ट्रॅक्टर आले, लग्नं लागली. ज्याच्या रानावरून फक्त तार गेली, त्याची गत वेगळी. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार वीजवाहिन्यांनाही लागू करता येतात; जमीन संपादन न करता तार नेता येते, शेतकऱ्याला मिळते ती नुकसानभरपाई. जून २०२४ मध्ये केंद्रानं मनोऱ्याखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या दुप्पट आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी तीस टक्के अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण किती मिळणार हे गावात कुणी वाचून दाखवत नाही. एका शेतकऱ्याला एक दर, शेजाऱ्याला दुसरा, मधे दलाल. हॉटेलात चहा पिताना हीच कुरबुर मी वाशीत ऐकली, भूमलाही ऐकली. कुणाच्या भावकीत फूट पडली, कुठं अडवणूक, कुठं पोलीस बंदोबस्त. पैसा अंधारात वाटला जातो तिथं गुंड उभे राहतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी खून झाला आणि तपासात पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचं प्रकरण पुढं आलं, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. प्रत्येक करार, दर आणि भरपाई ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली गेली, तर दलालाचं काम संपेल. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळ्याच्या साक्री भागात पवनचक्क्या येऊन कितीतरी वर्षं झाली. तिथल्या अनुभवातून शिकायला आपल्याला वेळ मिळाला होता.

भूमला मी खव्यासाठी गेले. कुंथलगिरीच्या जैन सिद्धक्षेत्राच्या नावानं ओळखला जाणारा इथला खवा दूरवर जातो. भट्टीच्या खोलीत पाऊल टाकताच धुरानं डोळे चुरचुरले. लोखंडी कढईत दूध आटत होतं आणि एक मुलगा उलथन्यानं सतत ढवळत होता. किलोभर खव्याला पाचेक लिटर दूध आणि ते आटेपर्यंत लाकडाचा जाळ. बालाघाटच्या उरल्यासुरल्या झाडोऱ्यावर याचा ताण आहे; भट्टीवाल्यांच्या छातीवरही. अलीकडे काहींनी सौर विजेवर चालणारी खव्याची यंत्रं बसवली आहेत. कढई आपोआप फिरते, धूर नाही, रंग पांढराशुभ्र. भट्टीवाला आतून बाहेर आला, तोंड पुसून म्हणाला, "मशीन चांगलीच हाय. पैसे कोन देतंय?" दुभत्या जनावराच्या जिवावर जगणाऱ्या या माणसाला स्वस्त कर्ज मिळालं, तर अक्षय ऊर्जेची सगळ्यांत चोख कमाई खव्यातच होईल असं मला वाटतं. कारण इथं वीज तारेनं बाहेर जात नाही. ती गावातच दुधाची किंमत वाढवते.

धाराशिव शहराजवळच्या कौडगावच्या औद्योगिक वसाहतीत महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. कुंपणाबाहेरून पट्ट्यांच्या ओळी पाहिल्या आणि पुढं लोहाऱ्याकडे निघाले.

लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला जायचं कारण ऊर्जेपेक्षा बायका हे होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप इथून किल्लारीपर्यंत सगळं गाडून गेला. पुनर्वसनात घरं कशी बांधायची, सरकारचे पैसे कसे येणार, हे गावाला समजावून सांगण्याचं काम संवाद सहायक म्हणून बायकांकडे आलं. प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्या बायकांना पुढंही वाऱ्यावर सोडलं नाही. बिनधुराच्या चुली आणि सौर कंदील विकणाऱ्या उद्योजिका त्यांच्यातून घडल्या. ज्या घरात पुरुष विक्रेत्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, तिथं या बाया चुलीपाशी बसून दिवा लावून दाखवायच्या आणि हप्ता बांधून द्यायच्या. कंदिलाखाली लेकराचा अभ्यास व्हायचा, बाईच्या हातात दोन पैसे यायचे आणि ग्रामसभेत तिच्या शब्दाला वजन यायचं. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या.

याच बायांनी दुष्काळात एक एकराचा प्रयोग केला. नवऱ्याकडून, सासऱ्याकडून एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात सोयाबीन-ऊस न लावता भाजी, डाळी, भरड धान्य घ्यायचं. आधी घरचं पोट, मग बाजार. लोहारा तालुक्यातल्या एका गावी अशाच एका एकराच्या बांधावर बसून आम्ही बोलत होतो. मेथी, कांदा, गवार, कडेला शेवगा. पाणी दिराच्या मोटारीवरचं, त्याची पाळी झाल्यावर उरेल तेवढं. "सौर पंप घ्या की," मी म्हटलं. बाई हसल्या. "अर्ज कुनाच्या नावावर करू ताई? सातबाऱ्यावर सासऱ्याचं नाव गेलं, चार भावांचं लागलं. माझं एक एकर हाय म्हनतेत सगळे, पर कागदावर कुठं हाय?"

शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. त्या मोहिमेची गरज सौर युगात पुन्हा पडली आहे. भाडं, भरपाई, अनुदान, पंप, सगळं सातबाऱ्याच्या वाटेनं येतं आणि त्या वाटेवर बाई सहसा उभीच नसते. या बाईंनी मात्र वाट शोधली होती. सौर पंपाच्या अर्जाला जमिनीतल्या बाकी हिस्सेदारांचा ना हरकत दाखला चालतो. म्हणून आधी त्यांनी नवऱ्याच्या हिश्श्यात आपलं नाव लावायचा अर्ज तलाठ्याकडे दिला. गटातल्या दोघी सोबत गेल्या होत्या. मग तीन दिरांच्या सह्या. थोरल्यानं लगेच केली. मधल्यानं, विहिरीवरचा हक्क जाणार नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं आणि केली. धाकटा पुण्यात भोसरीला असतो, तो येळवशीला आला नव्हता. संक्रांतीला येणार होता. अर्जाचे बाकीचे कागद बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले होते आणि वाट्याच्या रकमेतले निम्मे पैसे बचत गटातून आधीच उचलले होते.